नुसतं बसवून ठेवलंय
ताज्या झेरॉक्सचा गरम वास आला की मला इंदापूर तालुक्यातल्या एका गावातली तालीम आठवते. लाल माती, भिंतीला टेकवलेली गदा आणि समोर वीसेक पोरंपोरी. बारामतीतून काढून आणलेली पत्रकं वाटून कायद्याची माहिती द्यायला गेलेला मी अटक झाल्यावरचे हक्क धडाधड सांगत होतो: कारण विचारा, घरी कळवायला लावा, चोवीस तासांत कोर्टापुढं न्यायलाच हवं. मागून एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "दादा, माझा भाऊ काल सकाळपासनं चौकीत हाय. पण अटक न्हाय, नुसतं बसवून ठेवलंय." एक जण हसला, "पाव्हणचार चाललाय त्येचा." मी विचारलं, "उठून घरी येता येतं का त्याला?" "उठला तर मारत्यात." मग ती अटकच, मी म्हणालो, पण माझ्या पत्रकात तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आम्ही तडक चौकीवर गेलो. तिचे वडील दाराबाहेर हात जोडून उभे होते. "गप ऱ्हा गं, साहेब चिडला तर पोराला अजून पडंल." ती ऐकेना. हवालदाराला म्हणाली, "अटक केली असंल तर कागद द्या, न्हायतर भावाला सोडा." हवालदार तिला सोडून माझ्याकडंच बघत राहिला. अर्ध्या तासानं भाऊ भिंत धरत बाहेर आला. त्याला चौकीत ठेवल्याची कुठंच नोंद नव्हती, त्यामुळे त्याला कुणी मारलं हेही कधी सिद्ध होणार नव्हतं. आता मी कुठल्याच गावात कलमांपासून सुरुवात करत नाही. आधी विचारतो, तुमच्या घरातल्या कुणाला आत्ता चौकीत नुसतं बसवून ठेवलंय का? हात वर होतातच.