भोंगेवाला प्रफुल आणि न दुखणारी गाठ

आमच्या गावात गुपित टिकत नाही, याला दोन माणसं जबाबदार आहेत. एक मी आणि दुसरा प्रफुल. मी वच्छला, इथली आशा वर्कर. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण गोळ्या घेतो म्हणून सांगतो आणि कोंबड्यांच्या खुराड्यात टाकतो, हे मला घरोघरी फिरून कळतं. प्रफुलला काही कळावं लागत नाही, त्याने फक्त ओरडायचं असतं. त्याच्याकडे तीनचाकी ऑटो आहे, टपावर दोन भोंगे, आत बॅटरी आणि माईक. धानखरेदी कधी सुरू होणार, कोणाची म्हैस हरवली, मंडईच्या उत्सवात यंदा कोणतं नाटक लागणार, हे कुरखेडा तालुक्याला त्याच्या तोंडून कळतं. आवाज असा की रोवणी करणाऱ्या बाया चिखलात कंबर सरळ करून ऐकतात.

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला एक साधा शब्द उच्चारता येत नव्हता, आणि त्यापायी तो जिवाला मुकणार होता.

आमच्या भागात हत्तीरोगाचे डास आमच्याही आधीपासूनचे रहिवासी. त्यामुळे पुरुषांना खाली पाणी उतरणं, म्हणजे हायड्रोसिल, ही आमच्याकडे बातमीच नाही. चाळिशीत चष्मा लागावा तसं ते लागतं. बापाला असतं, काकाला असतं, मग मुलाला झालं की घराणं पुढे चाललं असं समजतात. यातले सगळ्यात जुने जाणकार नथ्थूभाऊ. धोतराखाली भलं मोठं ओझं घेऊन ते अशा रुबाबात चालतात की पोलीस पाटीलही बाजूला होतो. कोणाला तशी तक्रार झाली की तो दवाखान्यात जात नाही, नथ्थूभाऊंच्या ओट्यावर जातो. स्वतःला आहे म्हणजे माहिती असणारच, असा हिशेब.

प्रफुल तेहतीस वर्षांचा. आंघोळ करताना त्याच्या एका बाजूला गाठ लागली, सुपारीसारखी कडक. दुखत नव्हती, फक्त जड वाटायचं. तोही त्या ओट्यावर गेला.

"दुखते का?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"नाई."

"मंग पाणीच हाय. मले कुठी दुखते? तुह्या बापाले होतं. तुले नाई होईन त कोनाले होईन?"

तपासणी झाली. हात न लावता, न बघता, सुपारी कातरता कातरता. प्रफुल निश्चिंत होऊन घरी आला आणि पुढचे कितीतरी महिने निश्चिंतच राहिला.

हे "पाणीच हाय" मी आधीही ऐकलं होतं. माझा धाकटा दीर विनोद याच दोन शब्दांनी गेला. चोवीस वर्षांचा, कबड्डीत चौघांना ओढत रेषेपर्यंत नेणारा. गाठ होती, दुखत नव्हती, म्हणून सगळ्यांनी पाणी म्हटलं. मग खोकला लागला, तर क्षयाची तपासणी झाली. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की तो अंडकोषाचा कॅन्सर होता आणि छातीपर्यंत पोचला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कॅन्सर तरण्या पोरांनाच जास्त होतो आणि लवकर धरला तर बहुतेक जण बरे होतात. आम्हाला ते त्याच्या खाटेजवळ उभं राहून ऐकावं लागलं. मला तेव्हापासून "पाणीच हाय" या शब्दांचा राग आहे आणि तो गेलेला नाही.

मागच्या वर्षी सुगीच्या आधी ग्रामीण रुग्णालयात हायड्रोसिलच्या तपासणीचं शिबिर लागलं. दवंडीचं काम अर्थातच प्रफुलकडे. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: अंडकोषाला सूज किंवा गाठ असेल त्या पुरुषांनी यावं. तो ऑटो घेऊन निघाला आणि गावोगाव गर्जला, "पुरुषांच्या काही खास, नाजूक तक्रारींवर मोफत तपासणी!"

पहिल्या दिवशी शिबिरात एक जण दारू सोडायचं औषध मागायला आला. दोघं गुडघे घेऊन आले. एक म्हातारी नवऱ्याला मोतीबिंदूसाठी घेऊन आली, नाजूक म्हणजे डोळाच असणार म्हणून. ज्यांच्यासाठी शिबिर होतं ते सगळे नथ्थूभाऊंच्या ओट्यावर बसून, सरकार आता कोणता नवीन आजार घेऊन आलं याची चर्चा करत होते.

मी प्रफुलला ऑटोपाशी गाठलं. "काऊन रे, शब्द जिभेले टोचत होता का?"

"बाई, गावात लेकीबाळी आयकते."

"गेल्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी होती. भर बाजारात ओरडला. तवा लेकीबाळी कुठी गेल्या होत्या?"

"ते बायकांचं होतं," तो म्हणाला. उत्तर पुरेसं आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच दिवशी दुपारी त्याची बायको मंजुषा माझ्याकडे आली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, तोंडाने कमी बोलते. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, त्याइले एका बाजूनं कडक लागते. हात लागला तवा समजलं. म्हणते पाणी हाय. पाणी असं गोट्यावानी लागते का?" मग म्हणाली, "विनोदभाऊसारखं त नाई ना?"

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

प्रफुलला सरळ सांगून तो दवाखान्यात आला नसता. म्हणून आम्ही दोघी नथ्थूभाऊंकडे गेलो. मी त्यांना म्हटलं की डॉक्टर नवीन पोरगा आहे, त्याला मुरलेला पेशंट बघायला मिळाला पाहिजे. तुम्ही आलात तर शिबिराची इज्जत राहील. इज्जतीचं नाव काढल्यावर नथ्थूभाऊ हलले. पण एकट्याने जायला त्यांनाही लाज वाटत होती. मंजुषाने हळूच सुचवलं, "ह्याइले सोबत न्या ना भाऊ. तुमच्यापासूनच शिकून राह्यले."

दुसऱ्या दिवशी गुरू-शिष्य एकाच ऑटोतून शिबिराला पोचले.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही, मी पडद्याबाहेर होते. पण नथ्थूभाऊंनी ते नंतर साऱ्या गावाला सांगितलं. डॉक्टरने खोलीत अंधार केला आणि खालून टॉर्च लावली. नथ्थूभाऊंचं सगळं कंदिलासारखं लाल उजळलं. "पाणी आहे," डॉक्टर म्हणाला, "ऑपरेशन करून टाकू." मग टॉर्च प्रफुलकडे वळली. उजेड आत शिरेना. डॉक्टरने हाताने चाचपलं आणि त्याचं हसणं थांबलं.

"कधीपासून आहे?"

"हे पाणीच हाय ना साहेब?"

"पाण्यातून उजेड जातो. नुसत्या टॉर्चवर मी काही ठरवत नाही, सोनोग्राफी करू. पण आजच."

नथ्थूभाऊ सांगतात, तेव्हा त्यांना पहिल्यांदा आपल्या ज्ञानाची भीती वाटली.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डॉक्टरने प्रफुल आणि मंजुषाला समोर बसवून सांगितलं, मीही होते. गाठ कॅन्सरची दिसते. नागपूरला जाऊन जांघेतून चीर देऊन तो अंडकोष काढावा लागेल. पसरली नसेल तर तेवढ्यावर भागू शकतं, पसरली असेल तरी औषधं आहेत. दुसरा चांगला आहे. एकावर संसार चालतो, मुलंही होतात. फक्त उशीर नको.

एवढ्या बोलण्यातलं प्रफुलच्या कानात "काढावा लागेल" एवढंच गेलं. घरी येऊन त्याने जाहीर केलं, की मंडया आल्या आहेत, नाटकांच्या दवंड्या घेतल्या आहेत, मंडई आटोपली की जातो. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला दिवाळीनंतरचा उत्सव. एका गावची झाली की दुसऱ्या गावची, पार उन्हाळ्यापर्यंत. मंडई आटोपल्यावर जाणं म्हणजे न जाणंच.

मंजुषा दोन दिवस त्याला समजावत राहिली. रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात दात घासत असताना ती ऑटोत जाऊन बसली आणि बटण दाबलं. भोंगे खरखरले. सगळ्या गावाला ऐकू गेलं, "हॅलो. हॅलो."

प्रफुल तोंडात फेस घेऊन धावला. "का करून राह्यली?"

तिने माईकवर हात धरला आणि म्हणाली, "तुमी आज नागपूरले जासान का मी गावाले सांगू? तुमाले लाज वाटते, मले नाई वाटत. मले विधवा व्हाची भीती वाटते."

मी समोरच्या माझ्या दारातून हे पाहत होते. त्या भोंग्यांनी साऱ्या तालुक्याची अब्रू वेशीवर टांगली होती. आज पहिल्यांदा त्यांची तोंडं मालकाकडे वळली होती. प्रफुलने चूळ भरली, आत गेला, शर्ट घातला. दुपारच्या एसटीने दोघं निघाले. मंजुषा सांगते, दवाखान्याच्या पायरीवर त्याने तिचा हात धरला तो ऑपरेशनच्या दारापर्यंत सोडला नाही.

गाठ पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. आता ठरलेल्या वेळी रक्त तपासायला जावं लागतं, आणि मंजुषा ते विसरू देत नाही.

तो परतला तेव्हा गावातल्या पुरुषांनी तब्येतीची चौकशी कमी आणि निरीक्षण जास्त केलं. आवाज बारीक होईल याबद्दल पुष्कळांची खात्री होती. ज्या दिवशी तो पहिली दवंडी द्यायला निघाला, त्या दिवशी अर्धं गाव काही ना काही कारण काढून उंबऱ्यात उभं होतं. बंद पडलेल्या शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचीच दवंडी होती, पण झाडावरचे बगळे उडाले. लोक निराश होऊन घरात गेले.

यंदा पुन्हा शिबिर लागलं. प्रफुलने मला काही विचारलं नाही. चौकात ऑटो उभा केला आणि माईक हातात घेतला. "मी प्रफुल बोलून राह्यलो. अंडकोषात गाठ, सूज नाईतं जडपना असन, दुखो का नोको दुखो, दवाखान्यात या. मले गाठ होती. कॅन्सर होता. एक काढला. मी तुमच्यासमोर उभा हाय. पंधरा वर्साच्या पोरापासून महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी सोताच्या हातानं पाहात जा. पाणीच हाय म्हणून बसू नोका." बायकांनी काम थांबवून ऐकलं. पुरुष एकदम जमिनीकडे बघू लागले, जणू काही पडलं होतं.

शिबिराला फार कोणी आलं नाही. पण त्या आठवड्यात प्रफुलच्या घरी भोंगा ठरवायला येणाऱ्यांची रांग लागली. एकाला बारशासाठी हवा होता, त्याचं तर लग्नच व्हायचं होतं. एकाला लग्नासाठी हवा होता, मुलगी चौथीत. भाव विचारायचे, बॅटरी बघायचे आणि जाता जाता सहज म्हणावं तसं म्हणायचे, "ते तू सांगत होता, ते कसं पाहाचं म्हणते?" प्रफुल प्रत्येकाला आत घेऊन दार लावायचा.

शेवटी दसरू आला. चोवीस-पंचवीसचा, मोहफुलं वेचायच्या दिवसांत लग्न झालेला. मी तेव्हा मंजुषाकडे बसले होते. त्याने भोंगा मागितला.

"कायले पाह्यजे?" प्रफुलने विचारलं.

दसरूला कार्यक्रम सुचेना. मग म्हणाला, "परवा आंघोळीत हाताले लागलं. कडक हाय. दुखत नाई."

प्रफुलने त्या दिवसाची मंडईची दवंडी सोडून दिली. मला आणि दसरूला ऑटोत बसवलं. वाटेत दसरूने विचारलं, "भाऊ, मी मरतो का?"

"मले बायकोनं वढत नेलं. तू सोता आला," प्रफुल म्हणाला. "म्हातारा होऊन मरजो."

मी म्हटलं, आधी तपासू तर द्या. पण ऑटो दवाखान्याकडे न जाता दसरूच्या घरासमोर थांबला. प्रफुलने इंजिन बंद केलं.

"आंदी बायकोले सांग."

"दवाखान्यातून येऊन सांगतो."

"नाई. आंदी सांग. मी थांबतो."

दसरू आत गेला. आम्ही बाहेर बसून राहिलो. प्रफुलने माईकची वायर उगाच गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग दार उघडलं. दसरूच्या पुढे त्याची बायको बाहेर आली, पदर खोचत, घाईघाईने चपला घालत.