बाजारभावांखालची बातमी

"सांगू नका," एवढंच म्हणून तो डावा तळहात कानावर ठेवायचा. उजव्या हातात ब्रश असायचा, त्यामुळे दुसरा कान उघडाच राहायचा. पण आमच्या क्लबात त्या उघड्या कानाचा फायदा कुणी घेत नसे. निदान मी सांगतोय त्या दिवसापर्यंत तरी.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्याचा ऑफिसर्स क्लब तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जिना चढून गेलं की डाव्या हाताला स्नूकरचं टेबल आणि उजव्या हाताला वाचनालय. वाचनालय मी सांभाळायचो, टेबल तो. टेबल सांभाळणाऱ्याला मार्कर म्हणतात. साहेब लोक त्याला तेवढंच म्हणायचे, मीही. तो मला मास्तर म्हणायचा. मी कधी कुठे शिकवलेलं नाही, पण चष्मा होता.

त्याचं गाव बारवी धरणाकडचं, घर बदलापूरला मांजर्लीत. सकाळी आठला येऊन तो टेबलाच्या हिरव्या कापडावर आधी ब्रश फिरवायचा, मग इस्त्री, दोन्ही एकाच दिशेने. मग चेंडू जागेवर मांडून एकटाच एक डाव खेळायचा. साहेब लोक येण्याआधीचा तो एक डाव कुठल्याशा जुन्या मॅनेजरांनी त्याला देऊ केला होता, आणि पगारापेक्षा त्याला त्याचं मोल जास्त होतं. मी दारात उभा राहून बघायचो. एरवी तोंडाने तिखट असलेला हा माणूस त्या वीस मिनिटांत चेंडूंशी इतक्या हळुवारपणे वागायचा, की त्याच्या बायकोने ते एकदा पाहायला हवं होतं.

तिखट म्हणजे किती, तेही सांगतो. पर्चेसचे एक साहेब परदेशातून भारी क्यू, म्हणजे स्नूकरची काठी, घेऊन आले, महिनाभर खेळले आणि सगळ्यांसमोर विचारू लागले, "काय मार्कर, हात कसा वाटतो आमचा?"

तो बोटांवरचा खडू पुसत म्हणाला, "हात चांगलाय साहेब. कॅरमला."

सगळा क्लब हसला. साहेबही हसले, पण सगळ्यांच्या आधी थांबले.

पैज मात्र तो नेहमी एकाच बाजूने लावायचा. विलायतेतली ती मोठी स्पर्धा सुरू झाली की रोज वडापावची पैज, आणि त्याचा वडापाव कायम फेव्हरेटवर, म्हणजे ज्याचं पारडं जड मानलं जातं त्या खेळाडूवर. रविवारी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका स्नूकर पार्लरात तो क्यूची टोकं बसवून द्यायचा. तिथला सिंधी मालक त्याला डिवचायचा, "साईं, फेव्हरेटपे लगाके कोई अमीर बना है क्या?" हा तिथल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतच उत्तर द्यायचा, "जास्त खेळलाय तो जिंकतो. बाकी सगळ्या गोष्टी."

हे तत्त्व त्याने स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत एका वर्षी मुलगा अंतिम फेरीत आला. समोर वीस वर्षं खेळणारे अकाउंट्सचे साहेब. मुलगा क्यूला खडू लावत होता, तेव्हा बाप सगळ्यांदेखत म्हणाला, "माझा वडापाव साहेबांवर." मुलगा हरला. बापाने जिंकलेला वडापाव मोडून अर्धा त्याच्यापुढे धरला. मुलाने तो घेतला नाही आणि त्यानंतर क्यूही हातात घेतला नाही. आता तो पुण्यात असतो.

आता त्या 'सांगू नका'बद्दल. अंतिम सामना आपल्याकडे उत्तररात्री संपतो आणि त्याला जागरण सोसत नसे. चॅनेल तोच सामना एक दिवस सोडून दुपारी पुन्हा दाखवायचं. तेव्हा तो क्लबातल्या टीव्हीसमोर बसायचा आणि आत्ताच चालला असल्यासारखा बघायचा. अडचण एवढीच, की त्याच सकाळी निकाल पेपरात आलेला असायचा. म्हणून पेपर त्याच्या हाती देण्याआधी मी ते पान काढून खणात ठेवायचो. पहिल्या वर्षी माझी चूक झाली. मी खेळाचं पान काढलं. पण आमच्या पेपरात खेळाच्या पानावर क्रिकेटलाच जागा पुरत नाही. स्नूकरची बातमी येते ती शेवटच्या पानावर, बाजारभावांच्या खाली, दोन बोटं रुंद. कांद्याचा भाव बघता बघता त्याने निकाल वाचला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर मी पान चुकलो नाही.

त्या वर्षी फेव्हरेट हरला. सगळ्या क्लबाला ते मोबाईलवर कळलं होतं. मार्करकडे साधा फोन होता, आणि पान माझ्या खणात. दुपारी पर्चेसच्या साहेबांनी मला जिन्यात गाठलं. आज जरा मजा करू, तुम्ही फक्त मध्ये पडू नका, म्हणाले. वर येऊन त्यांनी टीव्ही लागायच्या आत पैज काढली. आपणही निकाल पाहिलेला नाही, असं सांगितलं. वडापाव नको म्हणाले. फेव्हरेट जिंकला तर हा परदेशी क्यू तुझा. हरला तर तुझा सकाळचा डाव बंद, कायमचा.

त्याने लगेच हो म्हटलं नाही. तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, साहेबांनी खरंच वाचलं नाही ना?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं, हे मी विचारत नाही. मी म्हणालो, "नाही."

तेवढं त्याला पुरलं. का म्हणालो, ह्याची कारणं मी इतकी वर्षं जुळवतो आहे. साहेबांची भीती होती, हे खरं. पण ह्याला एकदा हरताना बघावं असं मलाही वाटत होतं, हे त्याहून खरं.

सामना तीन तास चालला. त्याच्या मागे बसलेले लोक तोंडावर रुमाल धरून होते. फेव्हरेट पुढे गेला की साहेब कपाळाला हात लावायचे, गेला माझा क्यू, म्हणायचे. हा त्यांची समजूत घालायचा, "साहेब, अधूनमधून देईन की खेळायला." त्यावर मागून खोकल्याची साथ आल्यासारखे आवाज आले. शेवटचा चेंडू पडला तेव्हा तो उठला, टीव्ही बंद केला आणि टेबलावर कापड पांघरलं. मी वाचनालयात जाऊन मासिकांची चळत लावली, ती आधीच लावलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ब्रश, इस्त्री, चेंडू मांडणं, सगळं तसंच. फक्त मांडून झालं की तो हात मागे बांधून टेबलापाशी उभा राहायचा, वीस मिनिटं. पुढे साहेबांनाच ते बघवेना. खेळ रे, मस्करी होती, असं ते म्हणाले. तो म्हणाला, "शब्द दिलाय." कसली मस्करी, हे त्याने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. असा तो चार वर्षं उभा राहिला.

त्याच्या निरोपसमारंभाला शाल होती, समोसे होते आणि पर्चेसच्या साहेबांचं भाषण होतं. भाषणात त्यांनी ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली, जिन्यातल्या बोलण्यापासून. लोक पोट धरून हसले. त्याने त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, पान तुमच्याकडे होतं," तो म्हणाला.

मी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे फेव्हरेट तर आधीच हरला होता. मग मीही हरलोच." त्याने शालीची नीट घडी केली आणि जिना उतरून गेला. मांजर्ली काही लांब नाही. मी कधी गेलो नाही.

यंदा मे संपता संपता तो वारल्याचं कळलं. तेराव्यानंतर एका सकाळी गेलो. तळमजल्यावरचं घर, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची रेघ. वहिनींनी पाणी दिलं आणि माझं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच ना पान काढून ठेवायचात? फार सांगायचे. मास्तर माझं पान जपतात, म्हणायचे."

म्हणजे पुढचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. मी पाणी प्यायलो.

त्या सांगत गेल्या. पोटाचा आजार होता. ऑपरेशन केलं तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणत होते. मुलाने पुण्याच्या हॉस्पिटलात सगळं ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. तो ऐकत नव्हता. हा आजार माझ्यापेक्षा जास्त खेळलाय, एवढंच म्हणायचा. नेमका त्याच दिवशी दुपारी सामना दाखवणार होते. आता मास्तर नाहीत तर आपणच जपावं, म्हणून वहिनींनी पहाटेच पेपरातलं पान काढून लपवलं. त्याने चहाबरोबर उरलेला पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाला, "लावायची पैज? तू जिंकलीस तर उद्या मुकाट्याने गाडीत बसतो. मी जिंकलो तर मला घरातून हलवायचं नाही. आणि फेव्हरेट तू घे."

"मला वाटलं, देवच पावला," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर ह्यांच्याच तोंडून ऐकलेलं, फेव्हरेट जिंकतो म्हणून. मी हो म्हटलं. देव्हाऱ्यापुढे हात ठेवून शब्द दिला." त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. "गाडी आली, ती परत पाठवली. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. पण ह्यांनी कधी शब्द मोडला नाही, मी कसा मोडणार?"

त्यांनी देव्हाऱ्याखालून घडी घातलेलं पान काढून माझ्या हातात दिलं. मी ते उलगडलं. एका बाजूला क्रिकेट होतं. उलटून पाहिलं, दुसऱ्या बाजूलाही क्रिकेटच. बाजारभाव कुठेच नव्हते.

"भाऊजी, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "फेव्हरेट हरणार, हे ह्यांना कसं हो कळलं असेल?"

मी पान पुन्हा त्याच घडीत घातलं.

"जास्त खेळलेला माणूस होता, वहिनी," मी म्हणालो. "कळतं."

त्यांनी मान डोलावली. ते पान तुमच्याकडेच राहू द्या, तुमचंच काम होतं ते, असं म्हणाल्या. मग उठून कोपऱ्यातला त्याचा क्यू घेतला आणि त्याच्या टोकाने छताजवळच्या दोरीवरून त्याचा वाळलेला सदरा खाली ओढला.