पानाबाहेर ठेवलेलं नाव

मारेगावात अजून पेजमेकर चालवणारी गौहर शेख ही एकटीच. कंपनीनं ते सॉफ्टवेअर बंद केलं त्यालाही वीसेक वर्षं झाली. गौहरनं अठ्ठ्याण्णव साली नवऱ्याच्या, रिजवानच्या, छापखान्यात त्याच्यावरच मराठी टाइप करायला सुरुवात केली. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, गावोगावच्या स्मरणिका. आता पत्रिका लोक मोबाइलवरच करतात. तरी एक जुना कॉम्प्युटर तिनं चादर घालून जपलाय. जुने फॉन्ट त्याच्यातच आहेत.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी दोघी मायलेकी आल्या. लेक समीक्षा, यवतमाळला प्राध्यापक. आई मैनाबाई, झरी जामणीकडच्या एका खेड्यात राहणारी. समीक्षाच्या हातात एक सीडी होती.

"मावशी, बाबांचं रानभाज्यांचं पुस्तक तुम्हीच टाइप केलं होतं ना? घनश्याम मास्तर. एकच प्रत उरली, तीही कसरीनं खाल्ली. नवीन आवृत्ती काढायची आहे. पण ही फाइल कुठंच उघडत नाही. एका ठिकाणी उघडली, तर नुसती उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं."

"फॉन्ट नसन त्यायच्यापाशी. बसा."

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचं ते पुस्तक तालुक्यात नावाजलेलं. समीक्षा लहानपणापासून त्यांची लेक म्हणून ओळखली जायची.

कॉम्प्युटर दोनदा अडला, तिसऱ्यांदा सुरू झाला. फाइल उघडली आणि मराठी अक्षरं जशीच्या तशी उमटली. समीक्षानं टाळीच वाजवली. गौहरनं सगळं दिसावं म्हणून पान लहान केलं. तेव्हा पानाच्या चौकटीबाहेर, डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत, आणखी मजकूर दिसला.

"हे काय?"

"बाहेर सरकवलेलं छपाईत येत नाही. मी कधी काही पुसत नव्हती, बाजूले ठेवत होती. कोणाले काय परत लागन..."

बोलता बोलता तिनं तो मजकूर मोठा केला आणि तिचा हात माऊसवरच थांबला.

'लेखिका : मैनाबाई घनश्याम ठावरी.' खाली पहिलं प्रकरण : 'मी पहाटे रानात जाते. तरोटा कोवळा असतानाच खुडते.'

शेजारच्या पानावर, जे छापलं गेलं होतं त्यावर : 'मी पहाटे रानात जातो. तरोटा कोवळा असतानाच खुडतो.'

समीक्षा उभीच राहिली. "हे कोणी बदललं?"

गौहरला सगळं आठवलं. मैनाबाईंनी पेन्सिलीनं लिहिलेल्या चार वह्या. त्या टाइप करून झाल्यावर मास्तर एकटेच आले होते. बाईच्या नावानं शाळा पुस्तक घेणार नाहीत, म्हणाले. दोन दिवस बसून तिनंच एकेक 'जाते'चं 'जातो' केलं होतं. एक शब्द विचारला नव्हता.

"म्याच बदललं," ती म्हणाली. "याच बोटायनं."

"मावशी, तुम्ही? आणि बाबांनी सांगितलं?" समीक्षा आईकडं वळली. "आई, तुला माहीत होतं?"

मैनाबाई पडद्याकडं बघत होत्या. "शाळेत प्रकाशन झालं थ्या दिवशी कळलं. मले चहा वाटाले सांगतलं होतं. एकानं पुस्तक हातात देल्लं. म्या उघडून पाह्यलं, अन् पुन्हा कप उचलले."

"काही बोलली नाहीस?"

"घरी आल्यावर इचारलं. मी शाळेतला मास्तर, माह्या नावानं इकलं जाईन, म्हने. मंग म्या लिवनंच सोडलं."

समीक्षा बाहेर पायरीवर जाऊन बसली. बराच वेळ आत आली नाही. गौहरनं मैनाबाईंचा हात धरला. "काकू, मले माफ करा."

"तू तं पोर होती." थोड्या वेळानं मैनाबाईंनी पडद्याजवळ वाकून नाव पुन्हा वाचलं. "मोठ्या अक्षरात दिसते का हे?"

गौहरनं मोठं केलं. अक्षरं पडदाभर झाली, तशी मैनाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात नाही, प्रकाशनाच्या दिवशी नाही, आत्ता.

पुढचा दीड महिना गौहरनं पूर्ण पुस्तक आजच्या फॉन्टमध्ये नव्यानं टाइप केलं. प्रत्येक 'जातो' तिनं स्वतः पुन्हा 'जाते' केला. यंत्राला करू दिला नाही. समीक्षा प्रूफं न्यायला यायची, कामापुरतंच बोलायची. वडिलांचा विषय निघाला की तिचं वाक्य अर्धवट राहायचं.

मैनाबाईंनी मात्र फोन केला. "गौहर, त्यायनं काटवलाची भाजी अन् बांबूचे कोवळे वास्ते गाळले होते. आता टाकता येतीन का?"

"किती पानं होतीन, काकू?"

"लिवून राह्यली ना मी. संपलं की सांगतो... सांगते."

फोनवर मैनाबाईच आधी हसल्या.