होडीत न बसणारा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तापीकाठी आमची होडी दहा रुपयांत दुरुस्त करायचे ठरले, तेव्हा मी, बायको आणि तो कारागीर एवढेच होतो. फळी बोटाने वाजवून तो कान लावायचा आणि मी वाकून पाहीपर्यंत भेगेवर डांबर फासून मोकळा व्हायचा.

"आत ओल राहिली असेल."

"बठ्ठं कोरडं शे, नाना."

सगळे कोरडे म्हणायचा, पण स्वतः दुरुस्त केलेल्या होडीत तो कधी बसत नसे. मला तर तिच्यातूनच लेकीला सासरी पोचवायचे होते. म्हणून म्हणालो, "निम्मे पैसे पलीकडच्या काठावर देईन." आता तरी बसेल, असा माझा हिशेब.

आम्ही पार झालो, थेंबभर पाणी आत आले नाही. तो पहाटेच निघून लांबच्या पुलावरून चालत येऊन आधीच काठावर उभा होता.

"माले पाणीनी भीती वाटस, नाना."

मला ते पटले नाही. तरी उरलेले पाच रुपये त्याच्याच हातावर ठेवले.