बाबांची झोळी आणि माझं मॅक्स

पेंढा ठेवताना बाबा माळ्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यात माझा काय हात नाय. पुढच्या सगळ्यात होता.

आमचा पाडा मुरबाडच्या डोंगरात. रस्ता खालीच संपतो, अँब्युलन्स तिथं थांबते. मग माणसाला चादरीच्या झोळीत घालायचं, बांबू दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि दोघांनी बदलीला सोबत चालायचं. चार माणसं लागतातच.

पण मी पडलो शहापूरचा जिमवाला! तिथल्या सरांचं सूत्र आहे: एखादं वजन कितीदा उचलता त्यावरून एकदाच जास्तीत जास्त किती उचलाल ते काढायचं. मी पन्नास किलो दहादा उचललेले (शेवटचं अर्धवट, पण धरलं). म्हणजे मॅक्स साधारण सहासष्ट. बाबा सत्तर किलोचे, माझ्या वाट्याला पस्तीस. आमच्यात याला वॉर्म-अप म्हणतात!

भात कापायचं पडलेलं, वर ढग. बदलीला आलेल्या दोन्ही काकांना मी सरांच्या आवाजात सांगितलं, "बॉडीला रेस्ट द्या," आणि शेतावर परत पाठवलं. बांबूचं मागचं टोक चुलतभाऊ गण्याकडे. तो नको नको म्हणत होता. त्याला मी टक्केवारी समजावली.

झोळीतून बाबा म्हणाले, "मी वजन नाय रे. माणूस आहे, हलतो."

पहिल्याच उताराला बाबा झोळीसकट माझ्याकडे सरकले. सूत्रात उतार नव्हता. एकदा उचलायचं गणित होतं, ते मी उचललं. पुढं तासभर चालायचं कुणी काढलंच नव्हतं! मी दर दहा पावलांना खांदा बदलायला लागलो. प्रत्येक हिसक्याला बाबा ओरडत होते. ओढ्यापाशी ओरडायचे थांबले.

तेव्हा मात्र माझी फाटली. झोळी खाली ठेवली. रेंज नाय. गण्या काकांना आणायला पळाला. मी बाबांच्या तोंडावर पाणी मारत बसलो.

"बाबा, कायतरी बोला ना."

बऱ्याच वेळानं डोळे उघडले. "तू गप बस आधी."

काका आले, बाबा गाडीत पोचले तेव्हा ऊन कललं होतं. ऑपरेशन झालं, मांडीत रॉड पडला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता. आईनं तेव्हापासून माझ्याशी बोलणंच टाकलं.

आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. बाबांनी विचारलं, "चालायला कधी लागेन?"

"तीनेक महिने."

"मंग तवाच जातो. याच्या खांद्यावर नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सर, राहू द्या त्यांना. माझा हात अजून केस विंचरायला पण वर जात नाय."