वैदेहीचा लांब झालेला हात

“असा ग्राफ तू पंधरा वर्षांत पाहिलायस का?” असं म्हणून मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी खरंच पाहिला नव्हता. म्हणूनच मला शंका आली.

मी फिजिओथेरपिस्ट. मुलुंडला लहान मुलांच्या एका थेरपी सेंटरमध्ये काम करते, मॅडम आमच्या हेड. ग्राफ होता वैदेही परबचा. वय नऊ, राहणार कांजूरमार्ग. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेली. हात-पाय धड असतात, पण मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. वैदेहीचा उजवा हात एकदम फास्ट, डावा कोपरात दुमडलेला आणि मूठ घट्ट. पोरगी मात्र तोंडाने भलतीच तयार.

तिला शाळेच्या गॅदरिंगमध्ये लेझीम खेळायची होती. लेझीमला दोन्ही हात लागतात. पीटीचे सर म्हणाले, तू शाळेच्या नावाचा बोर्ड धरून उभी राहा. घरी येऊन रडली नाही. मला येऊन म्हणाली, “मॅडम, बोर्ड तर खांबालापण बांधता येतो. मला लेझीम पाहिजे.” गॅदरिंगला सहा आठवडे होते.

म्हणून मी तिला सेंटरचा व्हीआर हेडसेट घरी दिला. डोळ्यांवर लावायचा जाडजूड चष्मा समजा. लावला की चहूकडे आमराई दिसते. हातात रिमोटसारखा कंट्रोलर असतो. वैदेहीची मूठ नीट धरत नाही, म्हणून तो पट्ट्याने हाताला बांधायचा. हात लांब केला की आंबा तुटून टोपलीत पडतो. मुलांना वाटतं आपण खेळतोय, आणि तेवढ्यात त्यांचा कोपर सरळ करायचा व्यायाम होऊन जातो. एकेक आंबा जमत गेला की मशीन पुढचे आंबे आणखी लांब टांगतं. हात किती वेळा गेला, कुठवर गेला, सगळी नोंद सेंटरच्या कॉम्प्युटरवर येते.

तीन आठवड्यांत वैदेहीचा ग्राफ सरळ वर चढला होता.

“शनिवारी देणगी देणारे कंपनीवाले येतायत,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्याकडे तीन हेडसेट मागितलेत. पहिली स्लाइड हीच.”

“मॅडम, मला आधी सगळी नोंद बघू द्या.”

“बघ ना. पण तोंड असं का केलंयस?”

नोंदीत शेवटचा आंबा खांद्यापासून बासष्ट सेंटीमीटरवर तोडलेला. मी वैदेहीची फाइल काढली. खांद्यापासून मुठीपर्यंत तिचा अख्खा हात सत्तेचाळीस. वर सगळं खेळणं सकाळी अकराला, आणि वैदेहीबाई तर साडेबारापर्यंत शाळेत.

“मॅडम, हा हात वैदेहीचा नाही.”

“मग कोणाचा?”

“जाऊन बघते.”

“शनिवारच्या आत बघ,” मॅडम म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी कांजूरला परबांच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी. दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध वैदेहीचे आजोबा, अंगात बनियन, डोळ्यांवर आमचा हेडसेट. कंट्रोलर डाव्या हाताला पट्ट्याने बांधलेला. हवेत हात घालून आंबे तोडणं चाललं होतं. मी दाराची कडी वाजवली.

“कोण तां? टोपलेक हात लावू नको.”

“आजोबा, मी सेंटरमधून आलेय.”

हेडसेट खाली आला. आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांचा सगळा जन्म भांडुपला एका कारखान्यात लेथवर गेला, गावची बोली मात्र सुटली नाही. “खरा सांगू गो बाय? दोन वर्सां माझो हात वर जाय नाय होतो. ह्या खेळान खांदो सोडवल्यान.” आणि त्यांनी डावा हात सरळ वर करून दाखवला.

फ्रोझन शोल्डर. खांदा असा आखडतो की शर्ट घालतानाही जीव जातो. म्हणजे ग्राफ शंभर टक्के खरा होता, फक्त पेशंट दुसरा. मला हसूही येत होतं आणि संतापही आला होता. पोरीचे तीन आठवडे वाया गेले होते.

“आजोबा, हे वैदेहीसाठी दिलं होतं. तिची लेझीम राहिली तर काय सांगायचं तिला?”

“पोर हात लावणा नाय गो. फुकट पडलेला म्हणान मी बसलंय.”

हे मला पटेना. लेझीमसाठी हट्ट धरणारी पोरगी खेळाला हात लावत नाही? मी तिथेच थांबले. आजोबांनी चहा केला. पाऊण वाजता वैदेही आली, मला बघून दप्तर न उतरवता दारातच उभी राहिली.

“का गं, खेळत का नाहीस?”

“एकपण आंबा पडत नाही. पहिल्या दिवसापासून. सगळे लांब आहेत.” मग हळूच म्हणाली, “मला येत नाही ते.”

पहिल्या दिवसापासून. मला माप घेतलेला दिवस आठवला.

सुरुवातीला कॅलिब्रेशन करतात, म्हणजे मशीनला माप देणं. मूल हात जमेल तेवढा लांब करतं, मशीन ते अंतर धरून आंबे टांगतं. वैदेहीचं माप मी घेतलं होतं. आणि त्या वेळी माझा हात तिच्या कोपराखाली होता. पंधरा वर्षांची सवय. मुलाचा कोपर दिसला की माझा हात आपोआप खाली जातो, मला कळतही नाही. मशीनने आम्हा दोघींचं मिळून माप घेतलं आणि घरी ती एकटी होती. वाट मी लावली होती, आजोबांनी नाही.

“वैदेही, चूक माझी झाली. माप मी चुकीचं घेतलं. सॉरी.”

“म्हणजे मी ढ नाही?”

“नाही गं. ढ मी.”

तिने दप्तर उतरवलं. मी पट्टा बांधला, लांब सरकले आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. तिचा हात हळूहळू पुढे गेला. सव्वीस सेंटीमीटर. मशीनने आंबा तिथे टांगला आणि तो पडला. ती लगेच दुसऱ्याकडे वळली. आजोबांचं मी वेगळं खातं उघडून दिलं. करार असा ठरला, आधी वैदेहीचे वीस, मग आजोबांचे दहा.

“तिका जवळचे आंबे?” आजोबांची तक्रार.

“तुमचा हात लांब आहे ना,” वैदेही म्हणाली.

खाली उतरून मी मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

“मग शनिवारी मी काय दाखवू?”

“खरं ते.”

“खरं काय आहे?”

“आज सव्वीस सेंटीमीटरवर आंबे पडायला लागलेत.”

“आणि आजोबांचा खांदा?”

“तो झकास आहे.”

दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण शनिवारी ती स्लाइड काढून टाकली आणि झालेलं सगळं सांगितलं. तीन हेडसेट मागितले होते, एक मिळाला. मॅडमचा राग गेला का ते मी विचारलं नाही.

वैदेहीचा खरा ग्राफ काही दाखवण्यासारखा नव्हता. एक दिवस वर, दोन दिवस तिथेच. तीन आठवड्यांनी सदतीसवर आला. कोपर पूर्ण सरळ नव्हताच. पीटीच्या सरांनी लेझीम पट्ट्याने डाव्या हाताला बांधून बघितली, उजव्याने साखळी ओढायला लावली आणि म्हणाले, “शेवटची रांग. चालेल?” ती म्हणाली, पळेल.

गॅदरिंगला मी गेले. वैदेही शेवटच्या रांगेत, उजव्या टोकाला. प्रत्येक ठेक्याला ती अर्धा ठेका मागे. एकदा सगळ्या मुली वळल्या आणि ही एकटी समोर बघत राहिली, मग धावत जागेवर गेली. पण लेझीम शेवटपर्यंत वाजत होती, दोन हातांनी. माझे डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय. शेजारी आजोबा सारखे कोपर ढोसत होते, “बघ गो बाय, बघ.”

ती घामाघूम होऊन खाली आली. मी पट्टा सोडायला पुढे झाले.

“मॅडम, हात मागे,” ती म्हणाली.

मी मागे घेतले. तिने उजव्या हाताने ओढून बघितलं, मग दातांनी, मग परत हाताने. बराच वेळ लागला. मागे खाऊची रांग खोळंबली होती, तरी तिने कोणालाही हात लावू दिला नाही. पट्टा तिनेच सोडला.

आता सेंटरच्या भिंतीवर मी कागद लावलाय. माप घेताना थेरपिस्टने हात पाठीमागे धरून उभं राहावं. नियम माझाच, आणि सगळ्यात जास्त मोडते मीच.