पोर्तुगालहून सात घरांना मिस कॉल

रत्नागिरी स्टेशनवर मला सोडायला माझी भावजय सुनंदा आली होती. गाडी लागली तेव्हा तिनं चाचरत विचारलं, "वन्सं, एवढे आठ दिवस ते काम माझ्याकडे दिलंत तर?"

मी हातातले दोन्ही फोन तिच्यापुढे नाचवले. "सगळी व्यवस्था केल्येय. तू काळजी करू नको."

गाडी सुटली तेव्हा ती हात हलवत होती. मला तिच्याकडे बघायला सवड नव्हती, कारण जुन्या फोनची रेंज टिकते की नाही हे मी पाहत होते.

ते काम कोणतं, हे आधी सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ दत्ता, म्हणजे सुनंदाचा नवरा, तांडेल (बोटीचा प्रमुख) आहे. त्याच्या बोटीवर सात खलाशी. मोबाईल नवे नवे आले तेव्हा आमच्या वाडीत तो फक्त माझ्याकडे होता, कारण मी हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि घरात तेवढी ऐपत होती. तीन-चार दिवसांनी परतणारी बोट किनाऱ्याच्या रेंजमध्ये आली की दत्ता मला मिस कॉल द्यायचा. दोन रिंगा म्हणजे सगळे सुखरूप. एकच रिंग म्हणजे अडचण आहे, दुसरी बोट पाठवा. फोन उचलायचा नाही. दोन रिंगा आल्या की मी खलाशांच्या सात घरी खबर द्यायची. पुढे त्या घरांतही फोन आले, मग मी तिथे दोन-दोन रिंगा देऊ लागले. आता पोराटोरांकडेही इंटरनेट आहे, पण बोटीवर दत्ताचा तोच बटणांचा फोन चालतो, कारण खाऱ्या पाण्यात चांगला फोन महिनाभर टिकत नाही. आणि खलाशांच्या बायका अजून माझ्या मिस कॉलवर भाताचं आधण ठेवतात. याचा मला गर्व होता. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या शालीपेक्षा जास्त होता.

म्हणून पोर्तुगालला निघताना मी पक्की तयारी केली होती. बटणांच्या फोनमध्ये माझं रत्नागिरीचं सिम, त्यावर परदेशी रोमिंग चालू करून घेतलेलं. दुसऱ्या, मोठ्या फोनसाठी तिकडचं सिम, इंटरनेटपुरतं. सहलीतल्या पुण्याच्या मंडळींकडे एकेकच फोन होता. विमानतळावर ते वायफायसाठी इकडेतिकडे पळत होते आणि मी दोन फोन घेऊन ऐटीत उभी होते.

लिस्बन पाहून मी हरखले. ज्या बंदरातून निघालेली गलबतं आमच्या किनाऱ्याला लागली ते मी तीस वर्षं नकाशावर छडी टेकवून दाखवलं होतं. शहर सगळं चढउतारांचं, अरुंद गल्ल्यांतून पिवळ्या ट्राम कुरकुरत चढतात. दुपारी एका छोट्या खानावळीत सार्डिन मागवले. ताटात आली आपली तारली. निखाऱ्यावर भाजलेली, वर नुसतं जाडं मीठ आणि लिंबू, सोबत पाव. पावाला तेही जवळजवळ पावच म्हणतात. मासा ताजा होता, पण तिरफळावाचून जेवण जरा मुकं वाटलं.

हात धुवत होते तोच पर्समध्ये जुना फोन वाजला. दोन रिंगा, स्वच्छ. मी पाण्याच्या हातानंच सात घरांना मिस कॉल द्यायला सुरुवात केली. कानाशी दोन रिंगा मोजायच्या आणि तोडायचं. शेजारच्या टेबलावरच्या सहलीतल्या बाईनं विचारलं, फोन लागत नाही का?

"लागतो," मी म्हटलं, "पण आम्ही बोलत नाही."

तिला काही कळलं नाही. मी मात्र दिवसभर हवेत होते. लिस्बनमध्ये बसून मी रत्नागिरीत आधण ठेवायला लावलं होतं.

सहाव्या दिवशी आमची बस नझारे नावाच्या गावी थांबली. समुद्र दिसायच्या आधी वास आला, सुक्या मासळीचा. वाळूवर लाकडी चौकटींना जाळी ताणून त्यावर मासे चिरून वाळत घातले होते. चौकटींमागे गुडघ्यापर्यंतच्या घेरदार घागऱ्यांतल्या बायका बसल्या होत्या. बाकीचे उंच कड्यावरून लाटा बघायला गेले. मी म्हटलं, तुम्ही जा, मला माझी माणसं सापडली.

लुर्देश नावाच्या सत्तरीच्या बाईशी मी मोठ्या फोनवरून गप्पा सुरू केल्या. मी मराठीत बोलायचं, फोननं पोर्तुगीजमध्ये सांगायचं. तिनं मला कारापाऊ (बांगड्यासारखा लहान मासा) चाखायला दिला. मिठाचं प्रमाण आमच्यापेक्षा कमी, असं मी तिला सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि आणखी एक दिला.

त्याच सकाळी सुनंदाचा निरोप आला होता की रत्नागिरी बंदरात बावटा (वादळाच्या इशाऱ्याचा) लावलाय आणि बोटी परत येतायत. दत्ता दोन दिवसांपूर्वी गेला होता. इथले साडेअकरा, म्हणजे तिकडचे दुपारचे चार. जुना फोन वाजला. एक रिंग. आणि गप्प.

मी फोन हातात धरून बसले. दुसरी रिंग आली नाही. दत्ताचा नंबर लावला तर तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पंधरा-सोळा वर्षांत एक रिंग दोनदाच आली होती, आणि त्यातल्या एका वेळी एका खलाशाचा हात गेला होता. सात घरांना काय कळवू? न कळवावं तर पाप, कळवावं तर सात घरी रडारड. मी मोठ्या फोनवरून सुनंदाला कॉल लावला.

"एकच रिंग आली गो."

मग तिनं विचारलं, "सात घरी कळवलंत काय?"

"नाही अजून."

"मग नका कळवू. मी जेटीवर जाते." आणि तिनं फोन ठेवला. सुनंदा, जी बाजारात भाव विचारायलाही मला पुढे करते.

माझा चेहरा बघून लुर्देशनं स्टूल सरकवलं. मी तिला फोनमधून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिचा नवरा तीस वर्षं समुद्रावर होता आणि फोन वगैरे काही नव्हतं, या वाळूवरच बसायचं. एकावर एक घातलेले हे सात घागरे त्यासाठीच, एक डोक्यावरून, एक पायांवर, वारा फार असतो. मग तिनं विचारलं, "तू किती वर्षं वाट बघतेस?"

"मी वाट बघत नाही," मी म्हटलं. "मी कळवते."

फोननं ते तिला सांगितलं. तिनं तिची शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. मला खरंच थंडी वाजत होती. भूगोलाच्या बाईला त्या वेळी समुद्राची दिशासुद्धा सुचत नव्हती, नुसतं दत्ताचं लहानपणचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं.

चाळीस मिनिटांनी सुनंदाचा फोन आला. मागे वारा आणि इंजिनांचा आवाज.

"वन्सं, सगळी सुखरूप. घंटाभरात लागतील. ह्यांनी दोनच रिंगा दिल्या होत्या."

"तुला कसं कळलं?"

"वायरलेसवर बोलले ह्यांच्याशी. जेटीवरच्या बोटीत चढले, त्या तांडेलाला म्हटलं, लाव. तो आधी नाय म्हणत होता. मी उतरलेच नाय. मग लावलान."

मी तिथे वाळूवर रडले, आणि रडता रडता लुर्देशला माझ्या भावजयीबद्दल सांगत सुटले. नंतर बसमधल्या चोवीस जणांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर एका अनोळखी माणसालाही सांगितलं असतं, पण त्यानं कानात हेडफोन घातले.

परत आले तेव्हा सुनंदा रिक्षा घेऊन स्टेशनवर हजर होती. मी रात्रभर गाडीत एक छोटं भाषण तयार केलं होतं. भाट्याच्या पुलापर्यंतही मला धीर निघाला नाही.

"यापुढे ते काम तू करायचंस," मी म्हटलं. "तू माझ्यापेक्षा चांगलं करशील."

"करतेय की," ती म्हणाली. मग जरा ओशाळून तिनं सांगितलं, "तुमच्या पहिल्या वेळेलाच घोटाळा झालेला. तिकडून रिंग अर्धी वाटेतच जिरत होती. कुणाकडे एक वाजली, कुणाकडे काहीच नाय. संध्याकाळी मी सातही घरी जाऊन सांगून आले. म्हणून त्या दिवशी तुमच्या एका रिंगेला मी घाबरले नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती हौसेनं गेला होता."

मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. लिस्बनच्या खानावळीत मी केवढी मिरवले होते, आणि इथे ही बाई चिखलातून सात घरं फिरत होती. लाज वाटली, पण त्याहून मोठा होता तो अभिमान, आणि या वेळी तो माझ्या फोनचा नव्हता.

"सात घरांची यादी लिहून देऊ?" मी विचारलं.

"पाठ आहे. आता आठ आहेत. आठवा नंबर तुमचा घातलाय."

"माझा कशाला?"

सुनंदानं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"कशाला म्हणजे? तुमचा भाऊ आहे की बोटीवर."